लाल मेणातला गोळा आणि समासातला 'कशावरून?'

गेल्या वर्षी माझ्या तिसऱ्या प्रकरणाच्या मसुद्यात एक साधं वाक्य होतं. 'फिलिपाइन्समध्ये नाताळच्या जेवणात मानाचे स्थान असलेले केसो दे बोला हे चीज स्पॅनिश गॅलियन जहाजांतून मेक्सिकोमार्गे मनिलात आले.' वाक्य लिहायला मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. गाइडनी त्याला पेन्सिलीने गोल केला आणि समासात एकच शब्द लिहिला : 'कशावरून?'

तो एक शब्द मला चार महिने पुरला. तुमच्यापैकी जे पेटच्या तयारीत आहेत किंवा सिनॉप्सिसशी झुंजत आहेत, त्यांच्यासाठी ही त्या चार महिन्यांची हकिगत. माझा विषय आशियातल्या वसाहती बंदरांमधले टिकाऊ, आयात होणारे खाद्यपदार्थ हा आहे. म्हणजे डबे, बरण्या, खारवलेलं मांस, आणि हे चीज.

आधी वस्तू कोणती ते पाहू. केसो दे बोला म्हणजे स्पॅनिशमध्ये 'गोळ्याचं चीज'. बाहेरून लालभडक मेण, आत पिवळसर, घट्ट, खारट चीज. जातीने हे एडम, म्हणजे नेदरलँड्सच्या उत्तर हॉलंड प्रांतातल्या एडम नावाच्या गावाचं. फिलिपाइन्समध्ये सप्टेंबर लागला की दुकानांत नाताळची गाणी सुरू होतात. १६ ते २४ डिसेंबर पहाटेच्या नऊ प्रार्थना होतात, त्यांना सिंबांग गाबी म्हणतात. शेवटच्या मध्यरात्री चर्चमधून घरी आल्यावर सगळं कुटुंब जेवायला बसतं. हे जेवण म्हणजे नोचे बुएना. टेबलावर हॅम, पाव, नूडल्स, फळांचं सॅलड, गरम चॉकलेट, आणि मध्यभागी हा लाल गोळा. बऱ्याच घरांत तो काही दिवस आधीपासून नुसता दिसेल असा मांडून ठेवलेला असतो. एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या जेवणालाही तो असतो, म्हणजे शिल्लक राहिला असेल तर. उरलेला किसून एन्सायमादा या गोड पावावर घालतात, किंवा लाल ढोबळी मिरचीबरोबर वाटून पावाला लावायला ठेवतात.

आता माझ्या वाक्याकडे. ते मी कुठून उचललं होतं? सगळीकडून. पाककृतींच्या पानांवर, वर्तमानपत्रांच्या नाताळ पुरवण्यांत, प्रवासवर्णनांत हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत भेटतं. आणि इथेच पहिली मेख आहे. दहा ठिकाणी छापलेली गोष्ट म्हणजे दहा पुरावे असं आपल्याला वाटतं. दहाही जणांनी एकमेकांचं वाचून लिहिलं असेल, तर तो एकच पुरावा दहा वेळा मोजलेला असतो, किंवा एकही नसतो.

मी आधी गोष्ट मुळात शक्य आहे का ते तपासलं. मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं गॅलियन जहाजं फिरत होती. मनिलाहून चिनी रेशीम, पोर्सेलीन आणि आपल्याकडचं सुती कापड जायचं. आकापुल्कोहून मुख्यतः चांदी यायची. येतानाचा प्रवास साधारण तीन महिन्यांचा. एवढ्या दिवसांत चीज टिकेल का? एडम टिकतं. हे चीज अर्धवट साय काढलेल्या दुधाचं असतं, त्यामुळे त्यात चरबी कमी. दही गोल साच्यात दाबतात, मग गोळा मिठाच्या पाण्यात ठेवतात, मग वाळवतात. गोल आकारात वजनाच्या मानाने पृष्ठभाग सगळ्यात कमी, म्हणून आतला ओलावा हळू सुटतो. उष्ण हवेत ते तेल सोडत नाही, नुसतं कडक होत जातं. या गुणामुळेच ते जहाजावर चढलं. एडम गावाला वजनकाट्याचा हक्क १५२६ साली मिळाला, आणि तिथला खरा घाऊक बाजार १९२२ पर्यंत चालला. हल्ली उन्हाळ्यात पर्यटकांसाठी त्याचं नाटक करतात.

लाल रंगाचं प्रकरणही टिकाऊपणातूनच आलेलं आहे, आणि ते इतकं मजेशीर आहे की मी त्यावर एक आठवडा 'वाया' घालवला. मेणाच्या आधी चिजाची पाठ रंगवायला एक वनस्पती वापरत. फ्रान्सच्या दक्षिणेला ग्रां-गालार्ग नावाचं गाव होतं. तिथले लोक रानातून टूर्नसोल नावाचं झुडूप गोळा करायचे, त्याच्या रसात जुन्या चिंध्या भिजवायचे, आणि त्या चिंध्या शेणा-मुताच्या वाफेवर टांगायचे. अमोनियाने त्या निळ्या व्हायच्या. त्या हॉलंडला जायच्या, आणि तिथे चिजाच्या आंबट पाठीवर घासल्या की लाल रंग उतरायचा. म्हणजे नाताळच्या टेबलावरचा तो शाही लाल रंग एकेकाळी फ्रेंच खेड्यातल्या उकिरड्यावर तयार होत होता. पुढे मेण आलं, पण रंग तोच राहिला. आणि हे लक्षात ठेवा, कारण पुढे लागणार आहे : लाल गोळा हा मुख्यतः निर्यातीचा. डच माणूस घरी जे एडम खातो त्याचं आवरण बहुधा पिवळं असतं.

तर शक्यता होती. पण लगेच दुसरी अडचण उभी राहिली. स्पेन आणि डच यांचं १५६८ ते १६४८ असं ऐंशी वर्षं युद्ध चालू होतं. त्यातला काही भाग तर थेट मनिलाच्या दारात लढला गेला. डच जहाजांनी मनिलाची कोंडी करण्याचे अनेक प्रयत्न केले. १६४६ मध्ये पाच लढाया झाल्या आणि मनिला वाचली. त्या विजयाचं श्रेय मेरीमातेला देऊन 'ला नावाल'चा उत्सव सुरू झाला, तो आजही ऑक्टोबरात मोठ्या मिरवणुकीने होतो. थोडक्यात, फिलिपिनो कॅथलिक घर ऑक्टोबरात डचांच्या पराभवाचे आभार मानतं आणि डिसेंबरात डचांचं चीज टेबलावर मांडतं. मला हे फार आवडलं, आणि मी लगेच प्रकरणात एक झणझणीत परिच्छेद टाकला. गाइडनी तोही गोल केला. 'विरोधाभास रंजक आहे. याने सिद्ध काय होतं?' काहीच नाही. १६४८ च्या तहानंतर डच माल स्पेनच्या कादिझ बंदरात राजरोस उतरू लागला. कादिझहून वेराक्रूझ, तिथून खेचरांवरून डोंगर ओलांडून आकापुल्को, तिथून मनिला. रस्ता होता. पण रस्ता होता म्हणजे त्यावरून अमुक माणूस गेला, असं होत नाही.

गॅलियनचीच एक दुसरी गोष्ट शेजारी ठेवून पाहा, म्हणजे फरक कळेल. आपला चिकू. हे झाड मूळचं मेक्सिकोच्या दक्षिणेचं आणि मध्य अमेरिकेचं. तिथल्या नावात नाहुआत्ल भाषेतला शब्द आहे, स्पॅनिशमध्ये त्याचं चिको झालं, फिलिपाइन्समध्ये चिको, आणि डहाणू-घोलवडच्या वाड्यांत चिकू. इथे 'पॅसिफिक ओलांडून आलं' या म्हणण्याला झाड स्वतः साक्ष देतं. त्याचे रानटी भाईबंद कुठे आहेत ते वनस्पतिशास्त्र सांगतं. चीज पेरता येत नाही. ते खाल्लं की संपलं. त्याचा माग फक्त कागदावर राहतो, म्हणजे जकातीच्या नोंदीत, दुकानाच्या जाहिरातीत, कुणाच्या तरी पत्रात.

आणि नावावरून माग काढायचा म्हटलं तर त्यातही खड्डे आहेत. गोव्यात नाताळाला बेबिंका करतात. फिलिपाइन्समध्ये नाताळाला बिबिंका खातात, आणि त्यावर कित्येकदा हेच चीज किसून घालतात. नाव जवळजवळ एक, सण एक, दोन्हींत नारळाचं दूध, दोन्हींना वरून निखारे. पण गोव्याची बेबिंका मैदा आणि अंड्यांच्या बलकांची, थर एकावर एक भाजत चढवलेली. तिकडची तांदळाच्या पिठाची, केळीच्या पानावर एकाच दमात भाजलेली. एवढ्या साम्यावरून 'हिच्यापासून ती' असं लिहिण्याचा मोह कुणालाही होईल. मलाही झाला होता. नाव प्रवास करतं तेव्हा पदार्थ त्याच्यासोबत जातोच असं नाही, आणि उलटंही.

'केसो दे बोला' या नावाचंही तेच. नाव स्पॅनिश आहे म्हणून चीज स्पॅनिश जहाजातून आलं, असं माझ्या डोक्यात न बोलता बसलं होतं. प्रत्यक्षात स्पेनमध्येही या डच चिजाला हेच म्हणतात; स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात लाल पाठीचं, गोल, हॉलंडच्या पद्धतीचं चीज असाच अर्थ दिला आहे. म्हणजे हे नाव मनिलात बनलेलं नाही, तयार आलेलं आहे. दुकानदार आणि गिऱ्हाईक कोणत्या भाषेत व्यवहार करत होते एवढं त्यातून कळतं. माल कोणत्या वर्षी, कोणत्या जहाजात आला ते कळत नाही. स्पॅनिश तर मनिलाच्या बड्या दुकानांत गॅलियन बंद पडल्यावरही शंभर वर्षं बोलली जात होती!

या टप्प्यावर मी शोध उलट दिशेने सुरू केला. सोळाव्या शतकापासून पुढे यायचं सोडून आजपासून मागे जायला लागलो. (ही युक्ती तुम्हीही वापरून पाहा. मुळाचा शोध मुळापासून सुरू केला की माणूस भरकटतो.) मागे जाताना एकोणिसावं शतक फार महत्त्वाचं दिसू लागलं. १८३४ मध्ये मनिला परदेशी व्यापाराला रीतसर खुली झाली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि युरोप-मनिला अंतर एकदम आकसलं; आगबोटी नियमित येऊ लागल्या. साखर, अबाका आणि तंबाखूवर श्रीमंत झालेला एक स्थानिक वर्ग उभा राहिला. मुलांना युरोपात शिकायला पाठवणारा, पियानो घेणारा, आणि एस्कोल्ता रस्त्यावरच्या दुकानांतून युरोपचा माल आणणारा. युरोपचं टिकाऊ चीज विकत घेऊ शकेल असा मोठा गिऱ्हाइकवर्ग पहिल्यांदा तयार झाला तो इथे.

२९ सप्टेंबर १८९८ रोजी मालोलोस इथे स्वातंत्र्याच्या मंजुरीनिमित्त मेजवानी झाली, तिची पत्रिका प्रसिद्ध आहे. ती सगळी फ्रेंचमध्ये आहे. शेवटाकडे थंड हॅम आहे, आणि मग चीज, फळं, मुरांबे. मी आनंदाने उडालोच होतो. पण पत्रिकेत 'चीज' एवढंच आहे. कोणतं चीज ते नाही. तो सप्टेंबर होता, नाताळ नव्हता. ही पत्रिका केसो दे बोलाचा पुरावा नाही. ती एका वेगळ्या गोष्टीचा पुरावा आहे : स्पेनला हाकलून देणारे लोकसुद्धा आपण सुसंस्कृत राष्ट्र आहोत हे जगाला दाखवताना युरोपच्या टेबलाचीच भाषा बोलत होते, आणि त्या भाषेत हॅम आणि चीज हे शब्द होते. मी ती माझ्या प्रकरणात ठेवली, पण दुसऱ्या जागी.

मग अमेरिकन आले. १९०९ नंतर अमेरिकेचा माल जवळजवळ बिनजकात येऊ लागला, सरकारी शाळांत गृहशास्त्र शिकवलं जाऊ लागलं, डबाबंद दूध घरोघर गेलं. रेने अलेक्झांडर ओर्किझा यांचं 'टेस्ट ऑफ कंट्रोल' हे २०२० चं पुस्तक या काळावर आहे. वसाहतीत चव कशी घडवली जाते यावर काम करणार असाल तर वाचाच. दुसरं नाव डोरीन फर्नांडेझ यांचं. 'तिकिम' हा त्यांचा १९९४ चा निबंधसंग्रह. त्यांचं एक निरीक्षण माझ्या प्रकरणाचा कणा झालं : चिनी पदार्थ फिलिपिनो स्वयंपाकात रोजच्या जेवणात मुरले, तर स्पॅनिश पदार्थ सणाचे झाले, कारण त्यांना लागणारं सामान महाग होतं आणि ते राज्यकर्त्यांच्या टेबलावरचं होतं.

इथे थोडं थांबू, कारण 'चीज म्हणजे बाहेरचं' हेही पूर्ण खरं नाही. फिलिपाइन्सला स्वतःचं चीज आहे, केसोंग पुती, म्हणजे पांढरं चीज. काराबाओ म्हशीच्या दुधाचं, मऊ, खारट, केळीच्या पानात बांधलेलं. लागुना आणि बुलाकान प्रांतांत ते आजही सकाळी गरम पावाबरोबर खातात. पण काराबाओ ही चिखलात नांगर ओढणारी म्हैस, दूध देते जेमतेम दिवसाला लिटर-दोन लिटर. केसोंग पुती दोन-चार दिवसांत संपवावं लागतं, ते दूर पाठवता येत नाही, मांडून ठेवता येत नाही. १९९२ च्या कायद्याने तिथे काराबाओ केंद्र स्थापन झालं आणि दूध वाढवायला मुऱ्हा म्हशी आणल्या गेल्या. मुऱ्हा मूळची आपल्या हरियाणाकडची, तिकडे मोठ्या प्रमाणावर पोचली बल्गेरियामार्गे. तरी देशाची दुधाची गरज आजही जवळजवळ सगळी आयातीवरच भागते. म्हणजे घरचं चीज रोजचं आणि नाशवंत. बाहेरचं चीज वर्षातून एकदाचं आणि न नासणारं. मानाचं कोणतं ठरणार हे उघड आहे.

हे सगळं जमवून झाल्यावरही प्रकरण कोरडंच होतं. ते हललं एका माणसामुळे.

डच कागदपत्रं पाहायला मी डिसेंबरात हेगला गेलो होतो. जिथे खोली घेतली होती तिथे शेजारच्या खोलीत एक फिलिपिनो नर्स राहायच्या, पन्नाशीच्या. सगळे त्यांना 'आते' म्हणायचे. माझ्या मराठी कानाला ती आत्या वाटली. तागालोगमध्ये 'आते' म्हणजे मोठी बहीण, ताई. मी म्हटलं, तुमची मजा आहे, केसो दे बोलाच्या माहेरीच राहता. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इथे मिळत नाही."

मला वाटलं थट्टा करतात. पण त्या मला सुपरमार्केटमध्ये घेऊन गेल्या. एडम होतं, भरपूर होतं. पिवळं, कोवळं, मऊ, कापट्या करून पाकिटात भरलेलं. "हे चीज आहे," आते म्हणाल्या, "केसो दे बोला नाही." त्यांना कडक, खारट, किसता येईल असं, अख्खं आणि लाल हवं होतं. मनिलाहून त्यांची भाची येणार होती, तिला आणायला सांगा म्हटलं, तर तेही जमेना. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. हॉलंडच्या नावाने जगभर गेलेलं चीज हॉलंडला परत येऊ शकत नाही! शेवटी ॲम्स्टरडॅमला पर्यटकांच्या दुकानात एक लाल गोळा मिळाला, पर्यटकांच्या भावाने. आतेंनी तो सोळा तारखेलाच टेबलावर मांडला. नंतर चाखल्यावर म्हणाल्या, चव कोवळीच आहे, पण चेहरा बरोबर आहे.

त्या रात्री मी विचारलं, लहानपणी तुमच्या घरी हे कधीपासून होतं? माझ्या डोक्यात अजून तारीखच होती. त्यांचं उत्तर वेगळंच आलं. "आमच्याकडे ते विकत कधी आणलं नाही. यायचं तर टोपलीतून यायचं."

नाताळची टोपली हा फिलिपाइन्समधला जुना रिवाज. मालक नोकरांना, कंपन्या कामगारांना, राजकारणी कार्यकर्त्यांना टोपली देतात. तिच्यात हॅम, फळांचे डबे, स्पघेटी, आणि हात सैल असेल तर लाल गोळा. आतेंची आई मनिलात एका घरी कामाला होती. ज्या वर्षी मालकीण खूश, त्या वर्षी गोळा. नसेल तेव्हा आई नेहमीचं चौकोनी प्रक्रिया केलेलं चीज आणायची, आणि कुणी त्यावर काही बोलायचं नाही. एका वर्षी मिळालेला गोळा त्यांनी नाताळाला कापलाच नाही. शेजारी बघून जाईपर्यंत ठेवला आणि नवीन वर्षाच्या रात्री कापला. मेण मुलांनी मळून खेळायला घेतलं.

मी खोलीवर येऊन पहिल्यांदा समासातल्या त्या शब्दाकडे नीट पाहिलं. इतके महिने मी 'हे कुठून आलं' हा प्रश्न जहाजांना विचारत होतो. आतेंना तो प्रश्न नव्हताच. त्यांचा प्रश्न होता, हे कुणाच्या दारातून आत आलं, आणि कुणाच्या नाही. आणि या प्रश्नाला कागद आहेत, भरपूर आहेत.

उदाहरणार्थ, १९७५ च्या डिसेंबरात, मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या काळात, अध्यक्षीय आदेश क्रमांक ८५१ निघाला. मालकांनी कामगारांना दरवर्षी २४ डिसेंबरच्या आत 'तेरावा पगार' द्यायचा. आधी तो महिना १,००० पेसोपर्यंत मूळ पगार असणाऱ्यांनाच होता. १९८६ मध्ये ही मर्यादा उठली. या तेराव्या पगारावरच आज नोचे बुएनाचा बाजार उभा आहे. पण घरकामगार त्या आदेशात नव्हते. त्यांना हा हक्क मिळाला २०१३ च्या घरकामगार कायद्याने. म्हणजे आतेंची आई ज्या वर्षांत काम करत होती, त्या सगळ्या वर्षांत तिच्या टेबलावरचा लाल गोळा हा पगार नव्हता, हक्क नव्हता. तो मर्जी होता. हे वाक्य आता माझ्या प्रकरणात आहे, आणि गाइडनी त्याला गोल केलेला नाही.

तिथलं व्यापार खातं दरवर्षी नोचे बुएनाच्या सामानाची भावसूची काढतं, त्यात केसो दे बोलाचा रकाना असतो. एका चिजाच्या भावाची सरकार दखल घेतं, यावरून काय ते समजा. २०२५ च्या नोव्हेंबरात तिथल्या मंत्र्यांनी ५०० पेसोंत एका कुटुंबाचं नोचे बुएना होऊ शकतं असं म्हटलं आणि केवढा गदारोळ झाला. तेव्हा मनिलातली किमान रोजंदारी ६९५ पेसो होती. लोक चिडले ते केवळ गणितावर नव्हे. कुणाच्या टेबलावर काय शोभतं हे वरून सांगितलं गेलं, त्यावर चिडले.

आणि मग परदेशातल्यांची बाजू. १९७० च्या दशकापासून फिलिपाइन्सने माणसं परदेशी कामाला पाठवणं हे धोरणच केलं; आज सुमारे एक कोटी फिलिपिनो बाहेर आहेत. ते नाताळाच्या दोन-तीन महिने आधी घरी खोकी पाठवतात, त्यांना बालिकबायन खोकी म्हणतात, म्हणजे मायदेशी परतणाऱ्याची. साबण, कॉर्न्ड बीफ, चॉकलेटं, बूट, चीज. २०१६ च्या कायद्याने वर्षाला १,५०,००० पेसोंपर्यंतच्या अशा सामानाला जकात माफ आहे. पूर्वी मालकिणीच्या टोपलीतून येणारा गोळा आता मुलीने पाठवलेल्या पैशांतून येतो. आतेंनी पहिल्या वर्षी आईला पैसे पाठवले तेव्हा फोनवर एकच अट घातली होती : 'मार्का पिन्या'च आण, म्हणजे अननस छापाचा, जो मालकिणीकडे यायचा. आईने आणला. दोन आणले.

आता पद्धतीबद्दल थोडं, कारण त्यासाठीच तुम्ही इथपर्यंत आला असाल. जुन्या वर्तमानपत्रांत शोधताना एकाच शब्दावर विसंबू नका. 'केसो दे बोला' टाकून शोधाल तर 'केसो दे ओलांदा', म्हणजे हॉलंडचं चीज, अशी नोंद हातातून जाईल. डच बाजूला शब्द 'एडामर' आहे. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं डेल्फर आणि स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा वृत्तपत्र संग्रह दोन्ही घरबसल्या मोफत चाळता येतात. अमेरिकन काळासाठी मिशिगन विद्यापीठाचा डिजिटल संग्रह आहे. स्वयंपाकाची पुस्तकं पाहा : पुरा विल्यानुएवा कालाव यांचं १९१८ चं 'कोंदिमेंतोस इंदिहेनास', आणि रोसेंदो इग्नासियो यांचं १९१९ चं 'आक्लात नांग पाग्लुलुतो'. त्यात एखादी गोष्ट नसणं हेही कधीकधी बोलतं, पण जपून. पुस्तकात कृती असतात, आणि गोळा नुसता कापायचा असतो, त्याची कृती कोण लिहील?

तुलना मात्र जरूर करा. मला सगळ्यात मोठा आधार तिथेच मिळाला. कुरासावमध्ये एडमचा गोळा पोखरून त्यात मांस भरतात, त्याला केशी येना म्हणतात. मेक्सिकोच्या युकातानमध्ये तसंच केसो रेयेनो. ब्राझीलमध्ये लाल डब्यातलं 'राज्याचं चीज', केजो दो रेनो, सणाला येतं. आणि इंडोनेशियात ईदला, हो, ईदला, एडम किसून कास्तेंगल नावाची खारी बिस्किटं करतात. कुरासाव आणि इंडोनेशिया डचांचे, ब्राझील पोर्तुगिजांचा, युकातान आणि फिलिपाइन्स स्पेनचे. राज्यकर्ते वेगळे, धर्मही वेगळे, गोळा एक. मग 'स्पेनने दिलेली परंपरा' हे उत्तर पुरत नाही. सगळीकडे सारखं काय आहे? उष्ण हवा, जिथे दुसरं चीज टिकत नाही. ताज्या दुधाची टंचाई किंवा त्याची सवय नसणं. समुद्रावरून येणारा डच निर्यातीचा माल. आणि जे महाग ते सणासाठी राखून ठेवण्याची माणसाची रीत. गॅलियनमधून एखादा गोळा आलाही असेल. त्याने परंपरा तयार होत नाही. परंपरेला लागतो तो दरवर्षी पुन्हा पुन्हा येणारा माल, आणि तो विकत घेणारी किंवा वाट पाहणारी घरं.

तर माझं वाक्य आता असं झालं आहे : 'एकोणिसाव्या शतकात मनिला खुल्या व्यापाराशी जोडली गेल्यावर युरोपचा टिकाऊ माल परवडणारा स्थानिक वर्ग उभा राहिला, केसो दे बोलाचे नाताळातील स्थान समजून घेताना गॅलियनपेक्षा हा वर्ग, आणि विसाव्या शतकात टोपली, तेरावा पगार व परदेशातील कमाई यांतून त्याच्या टेबलाशी जोडली गेलेली घरे, अधिक महत्त्वाची ठरतात.' लांबलचक आहे, कबूल. पहिलं वाक्य वाचायला छान होतं.

गाइडनी हे वाचून 'ठीक' लिहिलं, आणि खाली नवीन गोल केला, यावेळी 'हॅम'भोवती. कारण त्याच टेबलावरचा तो 'स्पॅनिश' हॅम मनिलाच्या कियापो भागात पिढ्यान् पिढ्या चिनी कारागीर खारवत आले आहेत. पुढची पोस्ट त्यावर. आतेंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग त्यात एवढं शोधायचं काय, आम्हाला सगळ्यांना माहीतच आहे.